काकीसांच्या अंगणातले बटाटे

काल सकाळी खाटेखालची टोपली ओढली तर तळाच्या एका बटाट्याला कोंब आलेला. बोटाच्या पेराएवढा, जांभळट, टोकाशी जरा केसाळ. माझ्या या खोलीत उजेड येतो तो दाराच्या फटीतून; कोंब नेमका त्याच बाजूला वळलेला. भाजीसाठी विळी काढली होती. ती तशीच राहिली.

जळगावात थंडी उतरली आहे. दिवाळी सरली, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं झालं आहे. कापसाच्या गाड्या सकाळपासून जिनिंगच्या फाटकाशी रांग धरतात, आणि रस्त्यावरच्या बाभळींना कापूस अडकून राहतो. बाजारात भरिताची हिरवी वांगी आली आहेत. शेतांकडून वांगी भाजल्याचा धूर येतो. सगळा खानदेश या दिवसांना भरिताचे दिवस म्हणतो. माझ्या लेखी हे बटाट्याचे दिवस आहेत, आणि त्याला कारण धुळ्यातलं एक अंगण, जिथे बटाट्याचं नावसुद्धा हळू आवाजात घ्यावं लागे.

धुळ्यात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. घर मदनशेठचं. पुढे त्यांचं धान्याचं दुकान, मग त्यांचं राहतं घर, मग अंगण, आणि अंगणापलीकडे आम्ही. मदनशेठचे आजोबा राजस्थानातून आलेले. घर जैन, कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखाली वाढणारं काहीच नाही, आणि बटाटा तर नाहीच नाही. आम्ही आमच्या चुलीवर काय शिजवतो यावर त्या घरातून कधी शब्द आला नाही. पण बटाट्याची पिशवी अंगणातून आणताना आई तिच्यावर पदर घेई. त्या पदराची मला चीड येई. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला बहुतेक गोष्टींची चीड येत असे.

याला थोडे वडील जबाबदार. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि घरी येताना वाया गेलेली पत्रकं आणायचे. पाटीआधी माझ्या हातात पत्रक आलं. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘धिक्कार’ वाचता येऊ लागलं. आमच्या घरात डब्यांच्या तळाशी, फळीवर, माझ्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर कुणी ना कुणी कुणाला तरी जाब विचारत असे. मोठा झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागलो. कॉलेजात आमचं सात-आठ जणांचं अभ्यासमंडळ होतं. ते मला पत्रक्या म्हणत. छापलेलं ते खरं, अशी माझी श्रद्धा होती. मी तिला श्रद्धा म्हणत नसे, एवढंच.

पत्रक लिहून झालं की ते आधी काकीसांना वाचून दाखवायचं. काकीसा म्हणजे मदनशेठच्या आई. ठेंगण्या, साठीच्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. दुपारी त्या ओट्यावर सूप घेऊन गहू निवडत बसत. खडा निघाला की एका बाजूला टाकत, किडा निघाला की पिंपळाच्या पानावर घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात सावलीला सोडून येत, आणि मग म्हणत, “हां, पुढे वाच.” तिसऱ्या ओळीला त्यांना जांभई आली तर ती ओळ मी कापत असे. इतका प्रामाणिक टीकाकार मला पुन्हा मिळाला नाही. एकदा सगळं ऐकून म्हणाल्या, “बेटा, बात तर खरी आहे. पण इत्तो गुस्सो क्यूं? ऐकणारा घाबरला तर समजेल कधी?”

त्याआधी दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलेलं होतं. धान्याच्या रांगांत आम्ही सगळेच उभे राहिलो होतो. मागणाऱ्यांनी नुसतं मागू नये, पिकवूनही दाखवावं, असं आमच्या मंडळानं ठरवलं. आणि त्याच सुमाराला शेतकी प्रदर्शनात मला एक चारपानी पत्रक मिळालं. लाकडी पेटीत बटाटे कसे घ्यावेत. पेटीत खत-माती घालून तळाशी बियाणं ठेवायचं. रोप वर आलं की भोवतीनं आणखी फळ्या ठोकायच्या, आणखी माती भरायची. रोप जितकं गाडाल तितके थराथराला बटाटे. चित्रात छातीइतकी उंच पेटी होती आणि शेजारी एक हसरं कुटुंब. हसरं कुटुंब पाहून मला एरवी संशय येतो. त्या दिवशी आला नाही.

आईनं पत्रक बघून आपल्या अहिराणीत विचारलं, “बठ्ठं तुना कागदमा शे, ताटमा काय शे?” म्हणजे सगळं तुझ्या कागदात आहे, ताटात काय आहे?

ताटात आणूनच दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलं. पण आमच्या खोल्यांना ऊन नव्हतं. ऊन होतं ते अंगणात, आणि अंगण काकीसांचं.

चातुर्मासात गल्लीतल्या जैन स्थानकात साध्वी राहायच्या. त्या असताना विषय काढणं बरं दिसलं नसतं. कार्तिकी पौर्णिमा झाली, साध्वी पुढच्या गावी चालत निघाल्या, काकीसा त्यांना वेशीपर्यंत पोचवून आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो.

“काकीसा, अंगणात एक पेटी ठेवू? झाड लावायचंय.”

“लाव की. मोगरा लावतोस?”

“बटाटा.”

सूप थांबलं. “आलू?”

“आलू.”

“बेटा, एका आलूत अनंत जीव राहतात.”

“मग बहुमत त्यांचंच झालं की. त्यांना जागा नको द्यायला?”

पदर तोंडाशी धरून त्या बराच वेळ हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “लावायला माझी ना नाही. पण उपटशील तेव्हा?”

दुसऱ्या सकाळी त्यांनीच हाक मारली. रात्रभर विचार केला असावा. “एक शब्द दे. झाड आपणहून वाळेल, तोवर माती उकरायची नाही. त्याचं आयुष्य त्याला पुरं करू दे. मग खाली काय असेल ते तुझं.”

मी लगेच शब्द दिला. मला त्यात काहीच जड वाटलं नाही. पाला वाळल्यावर काढणी करावी, असं पत्रकातही लिहिलं होतं.

संध्याकाळी मदनशेठचा आवाज आमच्या खोलीपर्यंत आला. “आई, आपल्या अंगणात आलू? उद्या समाजात तोंड कसं दाखवू?”

“मी त्याचा शब्द घेतलाय. माझ्या भरवशावर राहू दे.”

“आणि त्यानं मोडला तर?”

“मोडला तर पेटी तू रस्त्यावर फेक. आणि पुन्हा या घरात माझं काही ऐकू नको.”

हे ऐकून मला अभिमान वाटला. आपल्यावर कुणीतरी एवढा भरवसा टाकतं आहे, एवढंच मला ऐकू आलं. त्या घरातला स्वतःचा मान त्यांनी माझ्या हातात आणून ठेवला होता, हे ऐकू यायला दोन महिने लागले.

पेटी साबणाच्या खोक्यांच्या फळ्यांची केली. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. फळ्यांवरची छापील अक्षरं काही उलटी, काही आडवी लागली. वडिलांना उलटी अक्षरं वाचायची सवय, ते येता-जाता पेटी वाचून हसायचे. तळाची एक फळी मात्र खिळ्यांनी ठोकली नाही. पत्रकात सांगितल्याप्रमाणे तिला दोन्हीकडे खाच ठेवली, म्हणजे ती सरकवून आत पाहता येईल. काळी माती एकटी घातली असती तर विटेसारखी बसली असती, म्हणून पांझरा नदीची वाळू आणली, शेणखत आणलं. माती कालवताना काकीसा लांबून सांगत होत्या, “हळू, हळू. आत कुणी असेल.”

बाराव्या की तेराव्या दिवशी मातीला भेग पडली. मुठी आवळून जन्मलेल्या बाळासारखी काळपट हिरवी, चुरमडलेली पानं वर आली. त्या दिवसापासून काकीसांची पहिली फेरी पेटीकडे. अंघोळ करून, ओले केस पदराखाली, हातात गाळलेल्या पाण्याचा लोटा. “आज एक वीत झालं गं बाई,” असं त्या रोपालाच सांगायच्या. मी फळी ठोकायला लागलो की दुसरं टोक धरून उभ्या राहायच्या.

“सारखं गाडतोस काय बिचाऱ्याला?”

“गाडलं की फळतं, काकीसा.”

“पत्रकात लिहिलंय?”

“हो.”

“लिहिणारा कधी गाडला गेला नसेल.”

पौषातली ती सकाळची उन्हं मला अजून अंगावर आठवतात. ओट्यावर वाळत घातलेल्या पापडांचा वास, दुकानातून येणारा दादर ज्वारीच्या पोत्यांचा धुरळ्याचा वास, आणि पानांना हात लागला की येणारा बटाट्याच्या पाल्याचा तो उग्र, हिरवा, काहीसा कडू वास. पेटी कमरेच्या वर आली. रोपाला पांढरी फुलं आली. काकीसांनी त्यातलं एकही तोडलं नाही. खाली गळलेलं एक फूल मात्र उचलून खिडकीत ठेवलं. बटाट्याला इतकं सुंदर फूल येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पत्रकात त्यावर एक ओळ नव्हती.

मंडळात मी या पेटीबद्दल फार बोललो होतो. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी भास्कर चाळीसगावच्या गाडीनं तिघांना घेऊन बघायला आला. भास्कर आमचा पुढारी. उंच, खांद्यावर झोळी, बोलायला लागला की समोरच्याला उत्तर सुचायच्या आत विषय संपवणारा. त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली.

“पत्रक्या, पाला छान आहे. आम्ही पाला खायला आलोय का?”

“अजून वाळलं नाही. वाळेपर्यंत उकरायचं नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी शब्द दिलाय. घरमालकांच्या आईंना.”

भास्कर तिघांकडे बघून हसला. “बघा. घरमालकाचा धर्म, घरमालकाचं अंगण, आणि आपला क्रांतिकारक पेटीजवळ राखण बसलाय. लिहितोस काय, करतोस काय!”

यातलं एकही वाक्य मला नवं नव्हतं. अशी वाक्यं मीच लिहायचो. कदाचित म्हणूनच ती इतकी लागली. काकीसा स्थानकात गेल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, उपटायचं कुठे आहे, नुसती तळाची फळी सरकवायची आहे; झाडाला कळणारसुद्धा नाही. दुसऱ्यांच्या पत्रकांतल्या पळवाटा दाखवण्यात माझा हातखंडा होता. स्वतःची पळवाट मला तर्कशुद्ध वाटली.

फळी फुगली होती. जोर लावला तशी ती एकदम निघाली, आणि वरची सगळी ओली माती ढासळून फरशीवर आली. रोप आत कलंडलं. मातीत सुपारीएवढे पाच बटाटे होते, पातळ सालीचे, आणि उघड्या उन्हात वळवळणारी खूप गांडुळं.

“हेच का उत्पादन?” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. हसता हसता मीही हसलो. ते हसणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

हसण्याचा आवाज ऐकून मदनशेठ आतून अंगणात आले. त्याच वेळी काकीसा बाहेरच्या दारातून आल्या. मदनशेठनी मातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

“बघ आई. हा तुझा भरवसा.”

काकीसा पदर पुढे ओढून म्हणाल्या, “मीच म्हटलं त्याला, एकदा फळी काढून बघ. आत मुंग्या लागल्यासारखं वाटत होतं मला.”

मदनशेठ वळून दुकानात गेले. काकीसा फरशीवर बसल्या आणि पिंपळपानावर एकेक गांडूळ उचलून ओल्या मातीत सोडू लागल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. भास्करला काय वाटलं कोण जाणे. त्यानं चपला काढून कडेला ठेवल्या आणि तोही खाली बसला. अर्धा तास आम्ही सगळे गांडुळं वेचत होतो.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “आज काकीसांकडे फोडणीचा वास नाही. त्यांच्या सूनबाई सांगत होत्या, आयंबिल केलंय. दिवसातून एकदाच, बिनतेलाचं, नुसतं उकडलेलं. सणवार तर काही नाही.”

कशाचं प्रायश्चित्त ते मला लगेच कळलं. खोटं बोलायचं नाही असं त्यांचं व्रत होतं. मी शब्द मोडला होता, आणि तो झाकायला त्यांनी व्रत मोडलं होतं. मला ते सहन होईना. अन्याय दिसला की उघड बोलावं, ही माझी शिकवण. मी तडक दुकानात गेलो. मदनशेठ दादर मोजत होते.

“मदनशेठ, काकीसा काल खोटं बोलल्या. मुंग्या नव्हत्या. मी शब्द मोडला.”

“हळू बोल, क्रांतिकारक. गिऱ्हाईक आहे.” त्यांनी माप खाली ठेवलं आणि मला पोत्यांच्या आडोशाला नेलं. “मला कळलं नाही असं वाटलं तुला? चाळीस वर्षं ती माझी आई आहे. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, तर त्यातसुद्धा कुणाला दोष दिला? मुंग्यांना.” ते हसले, पण डोळे ओले होते. “तिला वाटतंय मला पटलं. तेवढं राहू दे तिच्याजवळ. तू खरं सांगून मोकळा होशील, आणि ती माझ्यासमोर कायमची खोटी ठरेल. हे चालेल तुला?”

खरं बोलण्यातही स्वार्थ असू शकतो, हे कुठल्याच पत्रकात आलं नव्हतं.

“पेटी फेकणार का?” मी विचारलं.

“तिनं त्या झाडापायी आयंबिल केलं. मी फेकू? जा, ती फळी नीट ठोक. आणि आता त्याचं आयुष्य पुरं होऊ दे.”

फळी मी ठोकली, या वेळी चार खिळ्यांनी. कलंडलेल्या रोपाला काकीसांनी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं काठीला बांधलं. मुंग्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. काकीसा गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

मला गैरसमज नको आहे. माणसानं काय खावं हे जन्मानं ठरू नये, असं मी आजही म्हणतो, आणि मोठ्यानं म्हणतो. बटाटा मला आवडतो. पण आम्ही पत्रकं लिहिणारे लोक तारखा फार घालतो. अमुक तारखेच्या आत, अमुक दिवसापर्यंत. ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना तेवढ्या दिवसांत पिकायला जमेल का, हे कधी विचारत नाही. त्या पौषात मी पहिल्यांदा कुणाच्या तरी वेळानं चाललो. रोज पाणी घालायचं, आणि वाट बघायची. खालची पानं पिवळी पडली, मग मधली. माघात देठ मऊ होऊन आडवे झाले. मी पेटीजवळ जात होतो आणि हात न लावता परत येत होतो.

एका सकाळी काकीसा आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आमच्या दाराशी सहसा येत नसत.

“वाळलं,” त्या म्हणाल्या. “चल.”

फळ्या सोडवल्या. वरच्या थरांत काहीच नव्हतं. नुसती पांढरी मुळं आणि फिकट देठ. थराथराला बटाटे ही छापील थाप होती. जे काही होतं ते सगळं तळाशी. आईच्या एका भाजीपुरतं. काकीसा उभ्या राहून प्रत्येक बटाटा वर येताना बघत होत्या, बाळंतपणाला आलेल्या सुईणीसारख्या. मी टोपली उचलली तेव्हा म्हणाल्या, “आलू थारा, माटी म्हारी.” बटाटे तुझे, माती माझी.

त्यांना त्या मातीत मेथी पेरायची होती. पण आधी माती नीट चाळून दे म्हणाल्या. आत एखादा आलू राहिला आणि मेथीसोबत हाताला आला, तर पाप. मग आम्ही दोघं फरशीवर बसून माती बोटांनी चाळू लागलो. त्यांची बोटं खडे वेचणारी, माझ्यापेक्षा तरबेज. त्यांनाच तो सापडला. हरभऱ्याएवढा. त्यांनी तो तळहातावर घेतला. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात बटाटा आला असेल.

मग विचारलं, “याच्यात जीव आहे?”

“आहे.”

“लाव मग.”

ऊन तापायला लागलं होतं. खानदेशातला फाल्गुन मला ठाऊक होता. हो म्हणावंसं वाटलं. पण त्यांच्याशी आता खोटं बोलायचं नव्हतं. “नाही उगवणार, काकीसा. थंडी संपली.”

त्यांनी कोपऱ्यातल्या कुंडीत बोटानं खळगा केला, बटाटा आत ठेवला, आणि वरून हळूच माती लोटली.

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “मग कोणी उपटणार बी नाही.”